कॅसेट शेगडी, दहा महिने: मसाई पठार ते नाताश्कान

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं शहराला वेढा घातला, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि आमचा सिलिंडर नेमका त्याच आठवड्यात संपला. तेव्हापासून घरात एक जादा शेगडी हवी, असं माझं टुमणं होतं. यंदाच्या जानेवारीत ती आली. ब्रीफकेससारख्या प्लास्टिकच्या पेटीतली, एका बर्नरची, कुशीत 220 ग्रॅमचा ब्युटेनचा कॅन आडवा बसणारी. आता नोव्हेंबर संपत आला. पूर सोडून बाकी सगळ्याला ती उपयोगी पडली.

पहिले चार महिने आम्ही तिला पन्हाळा, मसाई पठार, राधानगरी असं हिंडवलं. मोठ्या आचेवर एक कॅन तासभर, फार तर दीड तास चालतो. चहा, पिठलं, भात असा चौघांचा एक दिवस आरामात निघतो. कॅन बसवताना त्याच्या गळ्यावरची खाच वर यायला हवी. ती खाली राहिली तर वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि ज्वाळ फरफरते. शेगडीच्या खटक्यामुळं सहसा चुकीचा कॅन बसतच नाही, पण आमच्या ह्यांनी एकदा जोर लावून बघितलाच.

खरी अद्दल घडली ती भाकरीच्या वेळी. घरचा बारा इंची लोखंडी तवा मी मसाई पठारावर नेला होता. तिसरी भाकरी टाकली आणि शेगडीतून ‘खट्’ आवाज येऊन सगळं विझलं. मला वाटलं, मोडली. मोडली नव्हती. तवा एवढा रुंद की त्याची कड कॅनच्या कप्प्यावर आली होती. तव्याची धग खाली परतून कॅन तापला, आतला दाब वाढला आणि शेगडीनं कॅनला स्वतःहून बाहेर ढकललं. हे सुरक्षेचं खटकं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी घरी आल्यावर केला. म्हणून माझ्या हिशेबात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तव्याचं माप. बर्नरभोवतीच्या जाळीबाहेर भांडं डोकावता कामा नये. वारा अडवायला शेगडीला चारी बाजूंनी पत्रे लावणारे लोकही मी पाहिलेत, तेही त्याच कारणानं नको. वाऱ्याच्या बाजूला जरा लांब एखादी पिशवी उभी करावी, एवढं पुरतं.

पाचव्या महिन्यात टकटक करून पेटणारं बटण गेलं. दुकानात गेले तर सुटा भाग मिळत नाही म्हणाले. वर, “काडेपेटी वापरा की वहिनी, एवढं काय!” तेव्हापासून काडेपेटी वापरते. पण चार-साडेचार हजारांच्या वस्तूला हे उत्तर मला पटलेलं नाही.

सप्टेंबरमधली ट्रिप हा खरा कस. भाचा कॅनडात माँट्रियालला असतो. तिथून सेंट लॉरेन्स नदीच्या उत्तर काठानं रस्ता क्रमांक 138 जातो. त्या भागाला फ्रेंचमध्ये कोत-नोर, म्हणजे सरळ ‘उत्तर किनारा’ म्हणतात. त्याच रस्त्यावरच्या नाताश्कान गावापर्यंत जवळजवळ तेराशे किलोमीटर. आमची स्वतःची शेगडी मात्र घरीच राहिली, कारण गॅसचे कॅन विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाहीत आणि वापरलेल्या शेगडीवरही विमानतळावर वाद होऊ शकतो. भाच्यानं तिकडे त्याच घडणीची घेतली. मी नेलं ते कांदा-लसूण मसाला आणि ज्वारीचं पीठ. दोन्ही कस्टमच्या फॉर्मवर लिहून. मटण-लोणच्याचा मोह आवरला, मांसाच्या पदार्थांवर ते लोक कडक आहेत.

भाच्यानं निघताना बजावलं होतं, “मावशी, झोपायला तंबू आणि जेवायला तू. हॉटेलात शिरलो की बजेट संपलं.” खोटं नव्हतं. तिकडं बसून जेवायला माणशी वीस-पंचवीस डॉलर सहज लागतात. आम्ही चौघं नऊ दिवस गेलो, अकरा कॅन जळले आणि बाहेर जेवलो दोनदाच. दोन्ही वेळा मासे, आणि दोन्ही वेळा ह्यांनी खिशातून मसाल्याची पुडी काढली.

तादुसाकच्या अलीकडे सागने नदी आडवी येते. पूल नाही. गाडीसकट फेरीबोटीत चढायचं, दहा मिनिटांत पलीकडे, आणि तिकीट शून्य! ह्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. गावाच्या टोकाला खडकाळ भूशिर आहे, तिथून फुकटात देवमासे दिसतात. समुद्राकडून खोल घळईतून येणारं थंड पाणी इथं वर उसळतं, सोबत क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे इवले जीव, आणतं आणि त्या चाऱ्यावर देवमासे येतात. गाडीतळाशी चहा ठेवून आम्ही खडकांवर गेलो, सून शेगडीशी थांबली. पाण्यातून काळी पाठ वर आली, फुस्स आवाज झाला, परत गेली. बिचारीला चहा उतू जाऊ नये म्हणून पहिला देवमासा हुकला. दुसऱ्याच्या वेळी चहा उतू गेला.

पुढं बे-कोमो, सेतील. नदी म्हणायची, पण पलीकडचा काठ दिसत नाही. पंचगंगा घाटावर वाढलेल्या माणसाला ही नदी पटायला दोन दिवस लागतात. वस्ती विरळ, पेट्रोल दिसलं की भरून घ्यायचं. कॅनचंही तेच. मोठ्या गावात घेऊन ठेवले म्हणून निभावलं.

आव्र-सँ-पिएरला शेगडीनं मान टाकली. पहाटे तीन अंश होते. काडी लावली तर निरांजनाएवढी ज्योत. कॅन हलवून पाहिला, निम्मा भरलेला. कारण साधं आहे. ब्युटेन शून्याच्या जरासं खाली उकळतं. हवा तीन अंशांवर असली की आधीच वाफ कमी, त्यात वायू बाहेर पडताना कॅन स्वतः आणखी गार होतो. शेगडी बिघडलेली नव्हती, तिला थंडी वाजत होती. मग रोज रात्री दुसऱ्या दिवशीचा कॅन मी झोपण्याच्या पिशवीत उशाशी घ्यायला लागले. ह्यांची मल्लिनाथी वेगळी. सकाळी कॅन ऊबदार, पोहे वेळेवर. प्रोपेन मिसळलेले कॅन थंडीत बरे चालतात, पण त्या गावातल्या दुकानात नव्हते. विस्तवाजवळ किंवा उकळत्या पाण्यात कॅन गरम करायला मात्र कधीही जाऊ नये. आणि पाऊस आला म्हणून शेगडी तंबूत किंवा बंद गाडीत पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मिंगानच्या बेटांवर चुनखडीचे सुळके पाहिले, रांजण रचून ठेवावेत तसे. फोटो खूप आहेत, वर्णन राहू दे.

नाताश्कानपर्यंत हा रस्ता 1996 साली पोहोचला, त्याआधी होडी नाहीतर विमान. आणखी थोडं पुढं, केगास्काला, तो संपतोच. आम्ही नाताश्कानलाच थांबलो. खाडीच्या टोकावर मच्छीमारांच्या जुन्या पांढऱ्या खोपट्या आहेत, लाल छपरांच्या. त्यांच्या आडोशाला, वारा चुकवून, छोट्या पॅनवर तळहाताएवढ्या भाकऱ्या केल्या. हातावर थापल्या, मोठ्या परातीला जागाच नव्हती. एकही फुगली नाही. आठ दिवसांनी खाल्लेली ती भाकरी, पिठलं आणि कच्चा कांदा. एक स्थानिक आजोबा वास घेत आले, फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाले, घास खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी काढत हसत गेले. भाच्याच्या भाषांतरानुसार त्यांना आवडलं.

तिकडच्या शेगडीवर खाऱ्या हवेनं नऊ दिवसांत जाळीला गंज चढला. इकडच्या आमच्या शेगडीवर दहा महिन्यांत नाही, कारण मी दर वेळी पुसून ठेवते. उन्हाळ्यात कॅन गाडीच्या डिकीत विसरू नका. पन्नास अंशांच्या वर नको, असं त्यावरच छापलेलं असतं, आणि एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीला ते अवघड नाही.

सध्या शेगडी ओट्याखाली आहे, सोबत तीन भरलेले कॅन. गेल्या रविवारी शेजारच्या काकूंनी ज्योतिबाला न्यायला मागितली. दिली, पण आधी त्यांच्या घरी जाऊन तवा बघून आले.