९२ मिमीच्या ऑल-माउंटन स्कीज: दोन हिवाळे आणि मधला ठाण्यातला पावसाळा

दुसरा सीझन संपत आलाय आणि मधे घोडबंदर रोडच्या फ्लॅटमधला एक अख्खा पावसाळा पण या स्कीजनी काढलाय, त्यामुळे आता सविस्तर लिहिते. आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईतून स्कीइंगला जाणारे आता बरेच झालेत आणि प्रत्येकजण पहिला प्रश्न हाच विचारतो की स्वतःच्या घ्यायच्या तर कुठल्या.

आधी काय घेतलंय ते. ऑल-माउंटन म्हणजे सगळ्या प्रकारच्या बर्फावर चालणाऱ्या. बुटाखाली रुंदी ९२ मिमी, लांबी १६० सेमी, टर्निंग रेडियस (स्की स्वतःहून घेते त्या वळणाची त्रिज्या) साधारण १५ मीटर. लाकडी कोअर, वर फायबरचे थर, धातूची शीट नाही. पुढे बऱ्यापैकी रॉकर (टोकाकडे वर उचललेला आकार), मागे थोडासा, आणि बुटाखाली कॅम्बर (मधे कमानीसारखा उंचावा). माझी उंची १६५ सेमी, वजन साठच्या आसपास, ग्रूम केलेल्या म्हणजे मशीनने सपाट केलेल्या उतारावर पॅरलल टर्न (दोन्ही स्कीज समांतर ठेवून वळणं) आरामात जमतात, खोल बर्फात अजून शिकतेय. या गटात सॅलोमनची क्यूएसटी ९२, के२ ची माइंडबेंडर ९०सी, नॉर्डिकाची एनफोर्सर ९४ अशा बऱ्याच आहेत, माझी जोडी या तिघींपैकी नाही पण त्याच पट्ट्यातली आहे.

आता ९२ च का. युरोपातला माणूस सकाळी बर्फाचा रिपोर्ट बघून ठरवतो आज कुठल्या स्कीज काढायच्या, त्याच्या गॅरेजमध्ये दोन-तीन जोड्या असतात. आपण बर्फ बघून निघत नाही, रजा बघून निघतो. ऑफिसात तीन महिने आधी रजा टाकायची, श्रीनगरची फ्लाइट काढायची आणि तिथे त्या आठवड्यात जे मिळेल त्यावर चालवायचं. चिल्लई कलानमध्ये म्हणजे २१ डिसेंबर ते जानेवारीअखेर गेलात तर कडक थंडी आणि नशीब असेल तर गुडघाभर कोरडा पावडर म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ, पण त्याच काळात पंधरा-पंधरा दिवस कोरडे पण जातात आणि खाली घासून कडक झालेला बर्फच राहतो. मार्चमध्ये सकाळी काचेसारखा टणक, दुपारी दोननंतर ओला चिखल. त्यामुळे सगळ्यात भारी दिवस डोळ्यासमोर ठेवून १०८-११० मिमीच्या फॅट स्कीज घ्यायच्या की सगळ्यात कडक दिवसासाठी ७२ च्या कार्व्हिंगवाल्या (कडेवर कापत वळणाऱ्या), यात मला दोन्ही पटत नाही. आपल्याला एकच जोडी न्यायचीय आणि ती कुठल्याही दिवशी चालली पाहिजे.

गुलमर्गमध्ये हे एका दिवसातच कळतं. गोंडोलाचा म्हणजे केबल कारचा पहिला टप्पा कोंगडूरीला सोडतो, दुसरा अफरवत डोंगराच्या खांद्यावर जवळपास ४,००० मीटरपर्यंत नेतो, आणि वर वाऱ्याने दाबलेला बर्फ, मधे सावलीत मऊ, खाली पायवाटेसारखा घट्ट, असं एकाच उतरणीत तीन प्रकार लागतात. पावडरमध्ये ९२ ने मला पुरेसं वर ठेवलं, पोटरीभर बर्फात टोकं बुडत नाहीत, रॉकरमुळे पुढचा भाग आपोआप वर येतो आणि टर्न सुरू करायला जोर लावावा लागत नाही. कंबरभर पडला तर मात्र रुंद स्कीजवाले पुढे निघून जातात हे खरंय, तिथे मी वेग ठेवते आणि दोन्ही पायांवर वजन सारखं ठेवते, काम होतं. पण एक सांगते, दुसऱ्या टप्प्यावरून बाजूला ऑफ-पिस्ट (आखलेल्या उताराबाहेर) जाणं म्हणजे हिमस्खलनाचा खरा धोका, ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधणारं सिग्नल यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी), फावडं आणि ते वापरता येणारा सोबती नसेल, स्की पॅट्रोलने (उतारावरच्या सुरक्षा पथकाने) उतार बंद केला असेल तर स्कीज कितीही चांगल्या असल्या तरी जाऊ नका.

कडक बर्फावर अनुभव चांगला, अप्रतिम नाही. रुंद स्कीमध्ये एज (तळाची धारदार कड) बुटाच्या बाहेर जाते त्यामुळे एका एजवरून दुसऱ्या एजवर यायला क्षणभर जास्त लागतो आणि गुडघ्यावर ताण येतो. उत्तराखंडातल्या औलीला हे जास्त जाणवलं. तिथे २०११ च्या साउथ एशियन विंटर गेम्सच्या वेळचा उतार आहे, तो चांगला लांब आहे आणि नैसर्गिक बर्फ कमी असला की सगळे त्याच पट्ट्यावर, मग दुपारपर्यंत तो घासून चकचकीत होतो. तिथे बुटाखालच्या कॅम्बरने पकड दिली, पण वेग वाढवला की टोकं फडफडतात. धातू नसल्याचा हा परिणाम. टायटॅनल म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू, त्याचे थर असले की कंप दबतो आणि तुडवलेल्या, ढेकळं झालेल्या बर्फातून स्की सरळ जाते, बदल्यात वजन आणि ताठपणा येतो. माझा दादा ८५ किलोचा आहे आणि जोरात जातो, त्याला टायटॅनलवालीच बरी वाटली, मी ती अर्धा दिवस चालवली आणि संध्याकाळी मांड्या भरून आल्या. तेव्हा वजन हलकं असेल, अजून शिकत असाल तर धातूच्या मागे लागू नका, इथे माझं मत ठाम आहे.

लांबीबद्दल. रॉकर असला की टणक बर्फावर टेकणारी एज प्रत्यक्ष लांबीपेक्षा कमी असते, म्हणून जुन्या हनुवटीपर्यंतच्या हिशोबाने घेतलीत तर आखूड वाटेल, नाकाच्या वर कपाळापर्यंत घ्या.

बाइंडिंगकडे म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या भागाकडे लोक सगळ्यात कमी बघतात आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ब्रेकची (सुटलेली स्की थांबवणाऱ्या भागाची) रुंदी स्कीपेक्षा थोडी जास्त लागते, ९२ ला १०० मिमीचा ब्रेक बसतो. बूट ग्रिपवॉक (चालायला सोपा, गोलसर) सोलचा आहे की साधा अल्पाइन हे बघून बाइंडिंग घ्या. माझ्या मावसभावाने बाहेरून येताना जोडी आणली, तेव्हा बुटाच्या टाचेवर छापलेली सोलची लांबी, माझी २९५ मिमी, त्याला आधीच कळवली होती आणि त्याने तिथेच माउंट करून घेतलं. रिलीज सेटिंग, म्हणजे पडल्यावर बूट किती जोराला सुटेल तो आकडा, वजन, उंची, वय, लेव्हल आणि सोलची लांबी यावर ठरतं, कोणी मित्राचा आकडा सांगितला म्हणून तोच ठेवायचा नाही, माहीत असलेल्या टेक्निशियनकडूनच करून घ्या. गुडघ्याचा प्रश्न आहे हो.

प्रवासाचं थोडक्यात: स्कीज बाइंडिंगसकट सहा किलोच्या आसपास, बूट चार, आणि इकॉनॉमीत चेक-इन साधारण १५ किलो मिळतं, म्हणजे कपडे केबिन बॅगेत. ओव्हरसाइझचं तिकीट काढतानाच विचारून ठेवा. वर्षातून एकदाच चार दिवस जाणार असाल तर स्वतःच्या स्कीज घेण्यापेक्षा आधी स्वतःचे बूट घ्या, भाड्याच्या जुन्या बारीक स्कीजवर पण नीट बसलेल्या बुटांनी दुप्पट मजा येते.

आणि पावसाळा. आपल्या पावसाळ्याबद्दल परदेशी रिव्ह्यूत मला काही सापडलं नाही. एज स्टीलची असते, आपल्याकडे खाडीची हवा, जुलैत भिंतीला ओल, बॅगेत बंद करून ठेवलं की आठवड्यात एजवर तांबूस रेषा दिसायला लागते. मी एप्रिलमध्येच बेस म्हणजे तळ पुसून पूर्ण वाळवते, एजवरचे बारीक बर (धातूची खरखरीत टोकं) गमी स्टोनने (घासायच्या रबरी दगडाने) काढते, मग बेसवर आणि एजवर मऊ वॅक्सचा जाड थर देते आणि तो न खरवडता तसाच ठेवते. वॅक्ससाठी वेगळी इस्त्री लागते, कपड्यांच्या इस्त्रीचं तापमान वरखाली होतं आणि बेस जळू शकतो. मग बॅगेत नाही, बेडरूममधल्या कपाटाच्या वर मोकळ्या, दोन्ही तळ एकमेकांना दाबणार नाहीत अशा सैल पट्ट्याने. गॅलरीत किंवा सोसायटीच्या स्टोअररूममध्ये अजिबात नाही. बुटांचे लायनर (आतला मऊ भाग) काढून पंख्याखाली दोन दिवस, आणि बकल हलके लावून ठेवायचे म्हणजे शेलचा (बाहेरच्या कडक कवचाचा) आकार बिघडत नाही. ऑगस्टमध्ये एकदा काढून बघितलं, जिथे वॅक्स पातळ होता तिथे टाचेजवळ एक बोटभर डाग, गमी स्टोनने दोन मिनिटांत गेला, बाकी एज स्वच्छ. डिसेंबरमध्ये जुना वॅक्स खरवडून थंडीचा कडक वॅक्स लावला आणि निघाले. यंदा पण एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी हेच करायचंय, ठाण्यातल्या कोणाला प्रत्यक्ष बघायचं असेल तर मेसेज करा, इस्त्री आणि वॅक्स माझ्याकडे आहे, स्कीज तेवढ्या पुसून आणा.