सरपणाची लोखंडी मांडणी: दोन फुटी घ्या, तीन फुटी नको

गॅस घरोघर आला तरी मराठवाड्यात ज्वारीची भाकरी आणि अंघोळीचा बंब अजून बऱ्याच घरांत लाकडावरच आहे. त्यामुळं चुलीजवळ सरपण कसं ठेवायचं हा प्रश्न दर पावसाळ्यात येतोच. त्यावर वेल्डिंगच्या दुकानात बनवून मिळणारी लोखंडी मांडणी हा आजच्या घडीला सगळ्यात चांगला उपाय आहे, पण ती नीट सांगून बनवून घेतली तरच.

साधारण तीन प्रकार मिळतात: दोन फूट लांबीची, तीन फूट लांबीची आणि वर गोवऱ्यांसाठी कप्पा असलेली. तिन्हींची खोली सव्वा फूट.

दोन फुटीचं माप असं धरा. उंची पायासकट तीन फूट दोन इंच, त्यातले आठ इंच पाय. अँगल, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्टी, 25×25×3 मिलिमीटर, तळाला 12 मिलिमीटरची सळई, बाजूंना आणि पाठीला 8 मिलिमीटरची. या मापात मांडणीचं वजन 12 किलोच्या आसपास भरतं. काट्यावर चढवून बघा. नऊ-साडेनऊ किलो भरली तर अँगल पातळ वापरला आहे असं समजा, मग भाव कितीही गोड असो. वाळलेल्या बाभळीचे फोडलेले फाटे तिच्यात 60 ते 70 किलो बसतात. रोज पाच किलो जळत असेल तर बारा-चौदा दिवसांची सोय झाली.

तीन फुटी मांडणी दीडपट माल घेते आणि इथंच चूक होते. घरात महिना-महिना पडून राहिलेलं सरपण म्हणजे उधईला, भुंगेऱ्यांना, विंचवाला दिलेली जागा. वरचे फाटे रोज उचलले जातात, तळाचे तसेच राहतात. बाभळीच्या सालीखालून पांढरी पिठी गळायला लागली की भुंगेरा आत शिरलेला असतो, आणि तो घराच्या वाशांनाही सोडत नाही. माळवदाच्या घरात तर तुळया, खण सगळं लाकडाचंच. म्हणून घरात दहा-पंधरा दिवसांचंच सरपण ठेवावं, बाकीचं बाहेर पत्र्याखाली. तीन फुटी घ्यायचीच असेल तर मधोमध दोन पाय जास्तीचे मागा, पुढं एक, मागं एक. त्यांच्याशिवाय शंभर किलोच्या भारानं तळ वर्षभरात खाली झोळतो.

तळाच्या सळयांची दिशा हा या मांडणीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि कारागीर नेमका तोच चुकवतात. फाटे मांडणीत पुढून मागं, म्हणजे खोलीच्या दिशेनं, आडवे पडतात. सळया लांबीच्या दिशेनं हव्यात, फाट्यांना काटकोनात, तीन-तीन इंचांवर. बरेच जण सळया फाट्यांच्याच दिशेनं लावतात. मग बारीक फाटे त्या फटीतून खाली घसरतात, मांडणीखाली जमतात आणि ज्या मोकळ्या जागेसाठी आठ इंचांचे पाय दिले तीच बुजून जाते. ऑर्डर देताना खडूनं फरशीवर काढून दाखवा.

दुसरी गोष्ट पाठीची. मजूर लाकूड हातभर, म्हणजे अठरा इंच तोडतात. मांडणीची खोली पंधरा इंच. पाठीला सळई नसेल तर फाटे मागं सरकून भिंतीला टेकतात, आणि मातीच्या भिंतीतून उधई थेट लाकडात चढते. पाठीला दोन आडव्या सळया आणि भिंतीपासून चार इंच अंतर, एवढं केलं की हा रस्ता बंद होतो. पण मग तेच तीन इंच पुढं येतात आणि पदर अडकतो, पोरांच्या पायाला लागतं. तोडणाऱ्याला आधीच चौदा इंचांचं माप द्यावं, चुलीच्या तोंडालाही तेच सोयीचं.

चौकोनी पाइपाची मांडणी दिसायला छान असते, पण आम्ही अँगलच सुचवू. पाइपाच्या उघड्या टोकांत गांधीलमाश्या घर करतात, विंचूही शिरतो. वर लावलेली प्लॅस्टिकची बुचं दोन महिन्यांत पडतात. वेल्डिंग पूर्ण ओढलेलं आहे की नुसते टाके मारलेत हे प्रत्येक सांध्यावर बोट फिरवून बघा. दाणे राहिले असतील तर तिथंच ग्राइंडर मारून घ्या. रेड ऑक्साइडचा हात दिल्यावर दोन दिवस बाहेर ठेवावी, मग घरात आणावी.

चाकांची मांडणी घेऊ नका. शहाबादी फरशीच्या सांध्यात छोटी चाकं अडकतात आणि सत्तर किलोच्या भारानं त्यांची खुंटी वाकते. सारवलेल्या भुईवर मात्र पायांखाली फरशीचे तुकडे ठेवायला विसरू नका, नाहीतर पाय रुततात आणि ओलीनं गंजतात.

गोवऱ्यांच्या कप्प्याची मांडणी आम्हाला पटली नाही. गोवऱ्या हवेतली ओल धरतात, त्यांचा भुगा खालच्या लाकडावर पडतो आणि त्यात किडे होतात. गोवऱ्या वेगळ्या ठेवाव्यात. काही दुकानदार तळाला पत्रा ठोकून देतात, कचरा पडू नये म्हणून. त्यानं खालची हवा बंद होते आणि तळाचे फाटे दमट राहतात. कचऱ्यासाठी पत्रा हवाच असेल तर सळयांच्या तीन इंच खाली, ओढून काढता येईल असा मागा.

आता जागा. चुलीच्या तोंडापासून आणि औलापासून (चुलीला जोडून असलेल्या दुसऱ्या तोंडापासून) किमान तीन फूट अंतर ठेवा, आणि तोंडासमोर तर मुळीच नको. ओलं लाकूड वाळावं म्हणून चुलीला टेकवून किंवा औलाच्या कडेला लावून ठेवायची सवय फार घातक आहे. सतत तापणारं लाकूड आतून कोळशासारखं होत जातं आणि मग नेहमीपेक्षा कमी उष्णतेलाही पेट घेतं. रात्री चूल विझली असं वाटतं, पण राखेखाली निखारा असतो. तुराट्या (तुरीची वाळलेली झाडं) आणि पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) मांडणीत भरू नका. त्या भुरकन पेटतात, ठिणगी पडली तर आवरत नाहीत. पऱ्हाटीचं तर आणखी एक आहे. तिच्यावर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते आणि पुढच्या हंगामात कापसावर उतरते, म्हणून तिचा साठा घराजवळ पावसाळ्यापर्यंत राहू देऊ नये.

मांडणीत भरायच्या आधी लाकूड वाळलंय का हे तपासा. दोन फाटे एकमेकांवर आपटले की टणटण आवाज आला पाहिजे. थप्प आवाज आला तर अजून ओल आहे. टोकाला भेगा पडलेल्या असाव्यात, साल हातानं सुटावी. खात्री करायची तर एक फाटा तराजूवर तोलून खूण करा आणि पंधरा दिवसांनी परत तोला. वजन उतरत असेल तर वाळणं चालूच आहे. तोडलेल्या ताज्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असू शकतं, जाळायला ते 20 टक्क्यांच्या आत हवं. ओल्या लाकडाची टोकं चुलीत फेस काढतात, सूंऽऽ करतात, घर धुरानं भरतं आणि बाईचे डोळे जातात. फोडलेली बाभूळ उन्हाळ्यात बाहेर उन्हात वाळू द्यावी आणि मृगाच्या आत पत्र्याखाली घ्यावी. घरात आणताना साल सोलून टाकावी, भुंगेऱ्यांचा अर्धा त्रास तिथंच संपतो.

आठ इंची पायांचा खरा उपयोग रोजच्या झाडण्याला आहे. केरसुणी आरपार गेली पाहिजे, बॅटरीचा उजेड मागच्या भिंतीपर्यंत दिसला पाहिजे. सहा इंचांवर कारागीर अडून बसला तर दुसरा बघा. मण्यार रात्री फिरते आणि अशाच अडगळीत दडते, म्हणून मांडणीजवळ भुईवर अंथरूण नको. फाटा घेताना आधी काठीनं वाजवा, वरचा घ्या, मधे हात घालू नका. विंचू चावला तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता दवाखाना गाठा. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरात आणणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातलेच. किडीसाठी लाकडावर कीटकनाशक फवारू नका, तोच धूर भाकरीला आणि श्वासाला लागतो.

दर वर्षी उन्हाळ्यात मांडणी रिकामी करून उन्हात काढावी, पायांचा गंज पॉलिश पेपरनं घासावा आणि खालच्या चार इंचांना परत रंगाचा हात द्यावा. गंज नेहमी तिथूनच सुरू होतो.