चामडी बूट की फेल्टचे? थर्माकोलच्या खोक्यातली परीक्षा

पणजीत जानेवारीच्या पहाटे पारा विसाच्या आसपास आला की आम्ही स्वेटर शोधतो. अशा ठिकाणी बसून बर्फातले बूट पारखायचे म्हणजे गंमतच. पण भाचा फेब्रुवारीत लेहला निघालाय आणि दोन जोडांत अडकलाय. एक चामडी, आत 400 ग्रॅमचं थिन्सुलेट, म्हणजे कृत्रिम धाग्यांचं ऊबदार अस्तर, शिवलेलं. दुसरा खाली रबर, वर चामडं आणि आत काढता येणारा फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या तंतूंच्या नमद्यासारख्या कापडाचा, जाड थर. दोन्ही 'हंटिंग बूट' म्हणून विकले जातात. शिकारीला आपल्याकडे 1972 च्या कायद्याने बंदी आहे, बर्फात चालायला नाही.

खोक्यावर 'उणे 40' छापलेलं असतं, त्यावर मी जात नाही. तो आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते. 400 ग्रॅम हेही बुटाचं वजन नव्हे, अस्तराच्या एका चौरस मीटरचं.

मग मासळीवाल्याकडून थर्माकोलचा मोठा खोका आणि फोडलेला बर्फ आणला. बर्फात जाडं मीठ कालवलं, की तो शून्याच्या बराच खाली उतरतो. जाड पिशव्यांत सदतीस अंशांचं पाणी भरलं, त्यांवर लोकरी मोजे चढवून बुटांत सरकवल्या, तोंडं टॉवेलने बंद केली. दर पंधरा मिनिटांनी थर्मामीटर.

पहिल्याच दिवशी एक पिशवी फुटली आणि फेल्ट चिंब झाला. दुसऱ्या खेपेला निकाल लागला: चामडी जोड आधी गार पडला, त्यातही पंजाकडे. घोट्याशी अजून कोमट, बोटांपाशी थंड. थंडी तळव्यातून चढते. फेल्टच्या जोडात तळाशीही जाड थर आहे, तिथेच तो जिंकला.

पण पाण्याची पिशवी पायासारखी चालत नाही. चालताना पाय स्वतःच उष्णता तयार करतो, आणि घामही. तासन् तास बसून राहणारा शिकारी 800-1000 ग्रॅमचे बूट घेतो ते त्यामुळेच. दिवसभर चालणाऱ्याला 200-400 पुरतं, जास्त घेतलं तर मोजे घामाने भिजतात आणि थांबल्यावर पाय गारठतात. भाच्याला फिरण्यापेक्षा कॅमेरा लावून उभं राहायचंय. त्याने फेल्टवाला घ्यावा, जड असला तरी. ट्रेकला जाणाऱ्याने चामडी.

फुटलेल्या पिशवीने आणखी एक शिकवलं. आमच्या दमट हवेत तो फेल्ट वाळायला तीन दिवस लागले, वास वेगळाच! लेहला मात्र तो रात्री काढून बुखारीजवळ (खोली तापवायची शेगडी), पण जरा अंतर राखून, टांगता येईल. शिवलेलं अस्तर बाहेर काढता येत नाही.

माप एक नंबर मोठं घ्या. घट्ट बुटात जाड मोज्यांमधली हवा दाबली जाते, रक्तही नीट फिरत नाही.

आणि परत आल्यावर बूट कपाटात कोंबू नका. पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत आतून झिजतो. वरून शाबूत दिसणारा बूट काही पावसाळ्यांनी पहिल्याच पावलाला भुगा सोडतो. माझ्या जुन्या जोडाचा असाच भुगा झाला, तोही दारातच, टॅक्सी उभी असताना.