जुकी डीडीएल-८७०० : धंद्याचं मशीन, पण पहिलं नव्हे

जुकी डीडीएल-८७०० हे कारखान्यात चालतं तसं, फक्त सरळ टाका घालणारं शिलाई मशीन. हे मशीन उत्तम आहे आणि धंदा सुरू करताना ते घेऊ नये, ही दोन्ही वाक्यं मी एका दमात म्हणते आणि ऐकणारी गोंधळते. ते घेऊ का, असं रोज कुणीतरी विचारतंच, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

माझं काम अल्टरेशनचं. पँटची लांबी, कंबर आत घेणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर, फाटलेले खिसे. मोठ्या शहरात या कामाला मरण नाही, कारण तयार कपडा सगळ्यांना परवडतो पण अंगाला बसतो थोड्यांनाच. या धंद्यातल्या ज्या ज्या बायकांशी बोलले, त्यांची सुरुवात थोड्याफार फरकाने सारखीच निघाली: मशीन कुणाचं तरी वापरलेलं, गिऱ्हाईक वरच्या मजल्यावरचं, आणि दुकान म्हणजे भाड्याच्या खोलीतला खिडकीजवळचा कोपरा. गाळा आणि पाटी मागाहून.

हे आजचं नाही. सिंगरच्या मशीनला १८५१ मध्ये पेटंट मिळालं, पण किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होती. मग सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ मध्ये हप्त्याची पद्धत काढली: थोडे पैसे आधी, बाकी दरमहा, मशीन मात्र लगेच घरी. माझ्या मते त्या मशीनच्या शोधाइतकाच हा हप्त्याचा शोध मोठा. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट ही १८६३ सालची चाळवजा इमारत आहे, आता तिथे संग्रहालय आहे. पोलंडहून आलेल्या लेव्हिन कुटुंबाने १८९० च्या दशकात तिथल्या आपल्या बिऱ्हाडातच कपडे शिवायचा कारखाना चालवला होता. बिऱ्हाड जेमतेम सव्वातीनशे चौरस फुटांचं. त्यातच चूल, तान्ही मुलं, कामगार आणि तयार मालाचे ढीग.

हे सांगायचं कारण जागा. ८७०० चं टेबल चार फूट लांब आणि वीस इंच रुंद. ते घडी घालून पलंगाखाली सरकवता येत नाही. मशीनचं डोकं, म्हणजे टेबलावर बसणारं शिवायचं यंत्र, एकट्याने उचलण्यासारखं नाही, आणि खोली बदलायची तर आधी तळाच्या ट्रेमधलं तेल काढा, मगच हलवा. सुरुवातीला ज्यांना वर्षा-दोन वर्षांत घरं बदलावी लागतात, त्यांनी हा विचार आधी करावा.

आता गुण. कंपनी सांगते मिनिटाला ५,५०० टाके. घरगुती मशीन साधारण हजारापर्यंत जातं. पण अल्टरेशनवालीला हा वेग कशाला? पँटची मोहरी वीतभर गोल, तिथे पळायला जागाच नाही. माझ्या लेखी खरी चैन गुडघ्याच्या पट्टीची. दाब, म्हणजे सुईजवळचा कापड दाबून धरणारा तुकडा, हाताने उचलला तर साडेपाच मिलिमीटर उठतो, गुडघ्याने पट्टी ढकलली तर तेरापर्यंत. दोन्ही हात कापडावरच राहतात. अस्तर आणि कापड एकमेकांवरून न सरकता वळवायचं असेल, तर ही एवढीशी सोय किती उपयोगी पडते ते शिवणारीलाच कळेल. टाका सरळ, दोन्ही बाजूंनी सारखा, आणि दिवसभर चालवलं तरी मशीन तापून बसत नाही.

मोटर मात्र सर्व्होच घ्या. जुनी क्लच मोटर स्विच लावल्यापासून बंद करेपर्यंत घुमत राहते, वीज खाते, आणि पाय जरा जड पडला की कापड पुढे पळून जातं. सर्व्हो पाय दाबला तरच फिरते. तिच्यावर वेगाची मर्यादा लावून ठेवता येते. शिकणारीला सुरुवातीला अगदी कमी लावून द्यावी. शिवाय तिचा आवाज कमी, त्यामुळे खोलीत काम करत असाल तर खालच्या मजल्यावरचे लोक तुमच्याशी बोलत राहतील. टेबलाच्या पायांखाली जाड रबर घातलं की आणखी बरं.

त्रासाचं सांगायचं तर तेल. वरच्या काचेच्या खिडकीतून ते फिरताना दिसलं पाहिजे, ट्रेमध्ये दोन खुणांच्या मध्ये पातळी हवी. न बघता चालवलं तर हुक, म्हणजे खालचा दोरा गुंफणारा फिरता भाग, खलास. आणि तेल भरल्यावर आधी चिंधीवर शिवा, गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर नको. सुईही वेगळी लागते, डीबी×१. तिचा दांडा पूर्ण गोल, म्हणून घरगुती सुईसारखी ती आपोआप बरोबर बसत नाही. लांब खाच डावीकडे आली का ते डोळ्यांनी बघावं लागतं. टाके सुटायला लागले की माझा मशीनवाला आधी सुई बघतो, मग बाकीचं. जीन्सच्या जाड जोडावर पायडलवरून आपला पाय काढून हातचाकाने चार टाके घालायचे, तिथे घाई केली की सुई मोडते.

नवं परवडत नसेल तर वापरलेलं घ्यायला हरकत नाही, या मशीनचे सुटे भाग सहज मिळतात. बघायला जाताना स्वतःच्या चिंध्या न्या, एक पातळ, एक जाड. विकणारा पुढे करतो ती चिंधी नेहमी मशीनला आवडणारीच असते. पातळावर चुण्या पडतात का बघा, मग उलटा टाका घाला: सुई साधारण त्याच भोकांत परत गेली पाहिजे. डोकं मागे पाडून खाली गंज आणि कोरडेपणा बघा. चकचकीत रंगाला भुलू नका, रंग कालही लावलेला असू शकतो.

मग कधी घ्यावं? रोजचं काम घरगुती मशीनला झेपेनासं झालं आणि त्या कमाईतून हप्ता निघू लागला की. आधी मशीन आणि मग गिऱ्हाईक शोधायला निघालेल्यांची मशीनं मी वापरलेल्या मालाच्या दुकानात फार पाहिलीत, जवळजवळ नवी.

आणि घरगुती मशीन विकू नका. ८७०० सरळ टाक्यापलीकडे काही करत नाही. काज, झिगझॅग, ताणाच्या कापडाची शिवण, सगळं मी अजून त्या जुन्यावरच करते.