‘क्लस्टर’च्या नावाखाली एकच संगणक : स्पार्क शिकवणाऱ्या एका क्लासचा अनुभव

जालन्यातील एका बियाणे कंपनीत मी एमआयएसचे, म्हणजे कंपनीच्या माहितीचे अहवाल तयार करण्याचे, काम पाहतो. एक्सेलच्या एका शीटमध्ये 10,48,576 पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत, आणि आमच्या विक्रेत्यांच्या नोंदी त्यापुढे गेल्यावर अपाचे स्पार्क हे प्रचंड माहिती अनेक संगणकांवर वाटून हाताळणारे सॉफ्टवेअर शिकण्याचा विचार पक्का झाला. एवढ्या माहितीला खरे तर साधा डेटाबेसही पुरला असता, पण हे कोणत्याही क्लासचा काउन्सेलर सांगणार नाही. छत्रपती संभाजीनगरात शाखा असलेल्या एका क्लासने नोकरीची हमी, ‘अपाचे प्रमाणपत्र’ आणि स्वतःच्या क्लस्टरवर (एकत्र काम करणाऱ्या अनेक संगणकांच्या संचावर) सराव, असे तिहेरी आमिष दाखवले. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्याने क्लासचे नाव येथे देत नाही.

पैसे भरल्यावर व्हिडिओ मिळाले. स्पार्कचे शेल (आज्ञा टंकण्याची खिडकी) सुरू होताना पडद्यावर जे अक्षरचित्र उमटते, त्याच्या शेजारी आवृत्ती लिहिलेली असते. या व्हिडिओंमध्ये ती 1.6 होती, म्हणजे 2016 च्या आरंभीची. त्याच वर्षी जुलैमध्ये 2.0 आली आणि एसक्यूएलकॉन्टेक्स्ट व हाइव्हकॉन्टेक्स्ट या वेगवेगळ्या प्रवेशवाटांची जागा स्पार्कसेशनने घेतली. 2020 मध्ये 3.0 आणि 2025 मध्ये 4.0 आली. आम्हाला मात्र आरडीडी या स्पार्कच्या मूळ माहितीरचनेवर शब्द मोजण्याचे तेच जुने उदाहरण पुन्हा पुन्हा दाखवले जात होते, आणि व्हिडिओच्या कोपऱ्यातील मूळ चॅनेलचे चिन्ह झाकण्यासाठी तेथे क्लासचा लोगो चिकटवलेला होता.

खरी लबाडी याच्या पुढची आहे. धड्यातील कोड पायथन 2 चा असल्याने माझ्या लॅपटॉपवर पहिल्याच ओळीला सिंटॅक्स एरर आली. ‘प्रिंट’ला कंस दिलेले नाहीत, असे त्या संदेशातच स्पष्ट लिहिले होते. त्याचे छायाचित्र पाठवल्यावर काउन्सेलरचे उत्तर आले, “सर, तुमची रॅम कमी पडतेय. बिग डेटा आहे हा, त्याला क्लस्टरच लागतो.” क्लस्टर वापरण्याचे शुल्क वेगळे होते, बारा हजार रुपये, आणि मूळ जाहिरातीत त्याचा उल्लेखही नव्हता. ते भरल्याखेरीज पुढचे धडे उघडत नव्हते, म्हणून ते भरावे लागले.

स्पार्कचा कार्यक्रम चालू असताना त्याचे एक वेबपान उघडते, सहसा 4040 या पोर्टवर (संगणकातील क्रमांकित जोडणीवाटेवर). त्यातील ‘एन्व्हायर्नमेंट’ या भागात ‘स्पार्क.मास्टर’ची नोंद असते. खऱ्या क्लस्टरवर तेथे यार्न, कुबरनेटीज अशा क्लस्टर सांभाळणाऱ्या प्रणालीचे नाव किंवा एखाद्या मास्टर यंत्राचा पत्ता दिसतो. आमच्या तथाकथित क्लस्टरवर तेथे ‘लोकल’, म्हणजे सगळे काम एकाच संगणकावर, असे लिहिलेले होते, आणि ‘एक्झिक्युटर्स’च्या तक्त्यात काम वाटून घेणाऱ्या इतर यंत्रांऐवजी ‘ड्रायव्हर’ या मुख्य प्रक्रियेची एकच ओळ होती. शिवाय माझे पान 4040 वर न उघडता 4047 वर उघडले. एकाच यंत्रावर अनेक सत्रे चालू असली की स्पार्क पुढचा मोकळा पोर्ट शोधतो, त्यामुळे सगळी बॅच एकाच भाड्याच्या संगणकावर बसवली आहे, हे कळायला आणखी पुराव्याची गरज नव्हती. माझ्या बॅचमधील अंबाजोगाईच्या एका मुलीनेही आपले पान तपासले; तिचा पोर्ट वेगळा होता, पण यंत्राचे नाव तेच.

हेच लोकल पद्धतीचे काम घरच्या लॅपटॉपवर फुकट होते. जावा असले की ‘पिप इन्स्टॉल पायस्पार्क’ एवढी आज्ञा पुरते, आणि शिकण्यासाठी क्लस्टर नसला तरी काही अडत नाही. स्पार्कचे अधिकृत दस्तऐवज आवृत्तीनिहाय विनामूल्य उपलब्ध आहेत आणि त्यांतील उदाहरणे चालतात. बाजार समित्यांतील शेतमालाचे दर सरकारी संकेतस्थळांवर मिळतात. लातूरच्या सोयाबीनचे दर घेऊन केलेला सराव त्या शब्दमोजणीपेक्षा कितीतरी उपयोगी पडतो. ‘अपाचे प्रमाणपत्रा’विषयी सांगायचे तर अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन स्पार्क शिकणाऱ्यांना प्रमाणपत्र देत नाही. स्पार्कवर आधारित सेवा विकणाऱ्या कंपन्यांच्या परीक्षा असतात, पण त्या त्या कंपन्यांच्या नावाने. आम्हाला मिळणार असलेला कागद क्लासनेच छापलेला होता.

पैसे देण्यापूर्वी नमुन्याचा धडा मागावा, त्यात आवृत्ती पाहावी, आणि क्लस्टरचे नाव निघाले तर ‘स्पार्क.मास्टर’ची नोंद असलेले पान समोर उघडून दाखवायला सांगावे. टाळाटाळ झाली तर तेथूनच उठावे. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून फॉर्म पुढे केला, तर तो कोणाच्या नावाने आहे ते वाचावे. आमच्याकडे तो एका वित्तकंपनीच्या कर्जाचा करार होता, ओटीपीने मंजूर झालेला. क्लासचे फोन बंद झाले तरी हप्ता दरमहा कापला जातो. डिजिटल कर्जात माघारीसाठी एक ‘कूलिंग-ऑफ’ मुदत द्यावीच लागते, ती किती आहे हे करारातच असते.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रारदाराला स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार करता येते, भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. वित्तकंपनीने तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. मी जालन्याच्या आयोगात जी तक्रार दाखल केली आहे, तिला ‘लोकल’ लिहिलेल्या त्या पानाचे स्क्रीनशॉट, पैसे भरल्याच्या पावत्या आणि रॅमविषयीचा तो संदेश जोडलेला आहे.