झिजलेले मूळ घर की नव्याने सजवलेले? अमेरिकेतील मिड-सेंच्युरी घर विकत घेताना

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-अडीच दशकांत अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, वास्तुविशारदांनी आखलेली आधुनिक घरे मोठ्या संख्येने उभी राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यातली म्हणून त्यांना ‘मिड-सेंच्युरी’ म्हणतात. त्यांपैकी एखादे घर घ्यायचे ठरवणाऱ्यापुढे दोन निवडी असतात. पहिली म्हणजे, एका कुटुंबासाठी स्वतंत्रपणे आखलेले घर घ्यावे की विकासकाने बांधलेल्या वसाहतीतले. दुसरी म्हणजे, मूळ रूपातले पण झिजलेले घर घ्यावे की नूतनीकरण होऊन लगेच राहण्याजोगे झालेले. पहिल्या प्रश्नात दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे बरेच आहे. दुसऱ्यात मात्र, घर जपण्याची मनापासून इच्छा असेल तर, झिजलेल्या घराचे पारडे माझ्या मते निःसंशय जड आहे.

वसाहतींमधील सर्वांत परिचित नाव जोसेफ आयक्लर या विकासकाचे. त्यांच्या कंपनीने कॅलिफोर्नियात सुमारे 11,000 घरे बांधली आणि त्यांचे आराखडे अँशेन अँड अ‍ॅलन, जोन्स अँड एमन्स आणि क्लॉड ओकलंड यांच्यासारख्या वास्तुविशारदांकडून करून घेतले. पाम स्प्रिंग्जमध्ये अलेक्झांडर कन्स्ट्रक्शन कंपनीसाठी विल्यम क्रिझेल आणि डॅन पामर यांनी हेच काम केले. अशा घराचा मोठा फायदा असा की त्याचे दुखणे एकट्याचे नसते. तेच छप्पर, तीच तापनव्यवस्था आणि तोच दरवाजा शेजारच्या शेकडो घरांत असल्यामुळे ते काम जाणणारे कारागीर भेटतात, मूळ नमुन्याच्या भिंतीच्या फळ्या अजून मिळतात आणि बँकेच्या मूल्यांकनकर्त्याला तुलनेसाठी त्याच भागातील व्यवहार सापडतात. याची दुसरी बाजू म्हणजे घराचे सौंदर्य शेजाऱ्यावर अवलंबून राहते. मागची संपूर्ण भिंत काचेची असलेल्या घराशेजारी दुमजली इमारत उभी राहिली तर घराचा खासगीपणाच संपतो. म्हणूनच पालो अल्टोतील काही आयक्लर वसाहतींनी एकमजली बांधकामाचेच बंधन नगरपालिकेकडून लागू करून घेतले आहे. वसाहतीतले घर पाहताना असे बंधन त्या रस्त्याला लागू आहे का, हे घराच्या किमतीइतक्याच काळजीने विचारावे.

स्वतंत्रपणे आखलेल्या घरात वास्तुविशारदाचा विचार जागेशी, उन्हाशी आणि त्या कुटुंबाच्या दिनक्रमाशी थेट जोडलेला असतो. तो अनुभव वसाहतीतल्या घरात पूर्णपणे मिळत नाही, हे मान्य करायलाच हवे. परंतु तेथे प्रत्येक बिजागरी वेगळी, प्रत्येक दुरुस्ती नव्याने शोधायची, आणि मूल्यांकनासाठी तुलना जवळपास अशक्य. शिवाय अशी घरे अनेकदा मोठ्या आणि महागड्या भूखंडावर लहानशी उभी असतात. घरापेक्षा जमिनीचे मोल जास्त झाले की पाडकामाचा धोका सुरू होतो. क्रेग एलवुड यांनी आखलेले लॉस एंजेलिसमधील 1950 चे झिमरमन हाउस 2024 मध्ये असेच जमीनदोस्त झाले. ज्याच्याकडे पैशांबरोबर वेळही आहे आणि ज्याला कागदपत्रांची आवड आहे, त्यानेच हा मार्ग धरावा. इतरांना वसाहतीतले घर अधिक सुख देईल.

आता दुसरा, अधिक महत्त्वाचा प्रश्न. तो नीट समजण्यासाठी ही घरे कशी बांधली आहेत ते पाहावे लागते. आयक्लर घरात खांब आणि तुळया उघड्या असतात, माळा नसतो आणि आतून दिसणारे लाकडी छत हेच छपराचे पाटण असते. उष्णतारोधक थर त्या पाटणाच्या वरच घालता येतो. गरम पाण्याच्या नळ्या जमिनीच्या काँक्रीटमध्ये पुरलेल्या असतात, काच एकेरी असते आणि बरीचशी काच चौकटीशिवाय थेट खांबांमध्ये बसवलेली असते. भिंतींना आतून मॅहॉगनीच्या पातळ फळ्या असतात.

झिजलेल्या घराचे दोष या यादीतूनच निघतात. छप्पर गळते, नळ्या फुटतात, घर हिवाळ्यात गार पडते. कोरियन युद्धाच्या काळात तांब्याची टंचाई होती, तेव्हा बांधलेल्या काही घरांत नळ्या पोलादी आहेत आणि त्या गंजतात. जुनी मोठी काच सुरक्षा-काच नसते, त्यामुळे ती फुटल्यास गंभीर इजा होऊ शकते. जमिनीच्या जुन्या टाइल्समध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि 1978 पूर्वीच्या घरात शिशाचा रंग असण्याची शक्यता गृहीतच धरावी. हा खर्च मोठा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट घराचे रूप न बिघडवता दुरुस्त होते. छपरावर नवा थर घालता येतो, फक्त त्याची जाडी कडेपासून आत घेऊन बारीक कड तशीच राखावी लागते. छपराचे खिळे जास्त लांब वापरले तर ते खाली छतातून बाहेर येतात, एवढे जाणणारा कारागीर हवा. एकेरी काचेच्या जागी त्याच मापाची सुरक्षा-काच बसते.

बाजारात विकण्यासाठी घाईने सजवलेल्या घराची गोष्ट उलट असते. तेथे यंत्रणा नव्या असतात, पण दिवे छतात बसवण्यासाठी उघड्या तुळयांखाली खोटे छत आलेले असते, मॅहॉगनीवर पांढरा रंग चढलेला असतो, काचांच्या जागी जाड प्लॅस्टिक चौकटींच्या खिडक्या असतात आणि भिंतींना जोडून केलेली मूळ कपाटे कचऱ्यात गेलेली असतात. पातळ फळीवरचा रंग काढायला गेले तर वरचा लाकडी पापुद्राच निघून येतो. म्हणजे खरेदीदार नूतनीकरणाचे पैसे एकदा किमतीत मोजतो आणि ते उलटवण्यासाठी दुसऱ्यांदा मोजतो. नळी बदलता येते, गेलेले कपाट आराखड्याशिवाय परत येत नाही. ज्यांना तातडीने राहायला जायचे आहे आणि ज्यांच्या घरात लहान मुले किंवा आजारी माणसे आहेत, त्यांना सजवलेले घर सोयीचे वाटणे स्वाभाविक आहे. त्यांनी निदान तुळया, काचांच्या जागा आणि मूळ नकाशा शाबूत आहे एवढे तरी पाहून घ्यावे.

या दोहोंच्या पलीकडे एक तिसरा वर्ग आहे, खऱ्या अर्थाने पूर्वस्थितीला आणलेल्या घरांचा. वास्तुविशारद रिचर्ड नॉइट्रा यांच्या पाम स्प्रिंग्जमधील कॉफमन हाउसची 1990 च्या दशकात मार्मोल रॅडझिनर या वास्तुरचना संस्थेने जी पुनर्बांधणी केली, तिच्यात जुनी छायाचित्रे आणि मूळ आराखडे आधाराला होते आणि जुळता दगड मिळवण्यासाठी युटामधील खाणीचा बंद झालेला भाग पुन्हा उघडण्यात आला. त्याच परिसरात रँचो मिराज येथे नॉइट्रांचेच 1962 चे मॅस्लन हाउस होते. ते 2002 मध्ये नव्या मालकाने विकत घेतले आणि त्याच वर्षी पाडले. वास्तुविशारद एकच, प्रदेशही एकच. फरक पडला तो घेणाऱ्यांमुळे.

तेव्हा आपल्यानंतरच्या घेणाऱ्याचाही विचार हवा, आणि येथे कायदेशीर मार्गांची तुलना उपयोगी पडते. राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत नाव आल्याने सन्मान मिळतो, पण खासगी मालकाने स्वतःच्या पैशाने घर पाडायचे ठरवले तर ती नोंद त्याला अडवत नाही. लॉस एंजेलिस शहराचा स्मारक-दर्जा पाडकाम लांबवू शकतो, कायमचे थांबवू शकत नाही. सर्वांत पक्के संरक्षण प्रिझर्व्हेशन ईझमेंटचे. त्यात मालक घराचे ठरावीक भाग बदलण्याचा हक्क एखाद्या संवर्धन संस्थेच्या बाजूने कायमचा सोडतो आणि हे बंधन जमिनीबरोबर पुढच्या प्रत्येक मालकाकडे जाते. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्या घरांसाठी 1989 मध्ये स्थापन झालेली संवर्धन संस्था असे ईझमेंट सांभाळते आणि विक्रीला असलेल्या राइट-घरांची यादीही ठेवते.

कॅलिफोर्नियात यांच्या जोडीला 1972 चा मिल्स अ‍ॅक्ट आहे. मालक घर जपण्याचा किमान 10 वर्षांचा करार शहराशी करतो आणि त्याचा मालमत्ता कर कमी होतो. हा करार दरवर्षी आपोआप पुढे सरकतो आणि विक्रीनंतर नव्या मालकालाही लागू राहतो. मालमत्ता करवाढीला मर्यादा घालणाऱ्या 1978 च्या प्रपोझिशन 13 या कायद्यामुळे जुन्या मालकांचा कर आधीच कमी असतो, तर नव्या खरेदीदाराची आकारणी खरेदीच्या किमतीवर होते; म्हणून या सवलतीचा सर्वाधिक लाभ नुकतेच घर घेतलेल्यालाच मिळतो. झिजलेल्या घराच्या दुरुस्तीचा हिशेब मांडताना ही बचत धरलीच पाहिजे. मात्र ते शहर योजनेत सहभागी आहे का आणि घर त्याच्या अटींत बसते का, हे आधी विचारावे.

जाहिरातीतले वास्तुविशारदाचे नाव हा पुरावा नव्हे. 1950 च्या दशकातल्या कोणत्याही साध्या घराला आज असे नाव चिकटवले जाते. मूळ बांधकाम परवाना शहराच्या कार्यालयात मागावा, आणि आराखडे संग्रहांत शोधावेत: नॉइट्रांचे कागद लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आहेत, क्रिझेल यांचे गेटी संशोधन संस्थेत आणि क्लॉड ओकलंड यांचे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात. हे काम, पुरलेल्या नळ्यांची दाब-चाचणी आणि आधीपासून एखादे ईझमेंट आहे का याची मालकी-अहवालातील तपासणी, ही तिन्ही कामे खरेदी-कराराने दिलेल्या तपासणीच्या मुदतीतच उरकावी लागतात, कारण ती मुदत संपल्यावर माघार घेतल्यास अनामत रक्कम गमावण्याची वेळ येऊ शकते.