जुना सर्व्हर घेताय? आधी मागे जाऊन बघा

रिफर्बिश्ड सर्व्हरच्या नावाखाली आमच्या ऑफिसच्या गळ्यात काय मारलं गेलं, ते मुद्दाम लिहितोय. डबा उघडायचीही गरज नव्हती. बरीचशी लबाडी मागच्या दिव्यांतच दिसत होती.

मशीन डेलचं पॉवरएज आर730. बोली अशी: दोन पॉवर सप्लाय (एक गेला तरी दुसऱ्यावर मशीन चालावं म्हणून), चार लॅन पोर्ट, त्यांतले दोन 10 जीचे, म्हणजे सेकंदाला 10 गिगाबिट वेगाचे, शिवाय आयड्रॅक, म्हणजे सर्व्हर दुरून सांभाळायची डेलची सोय, तीही एंटरप्राइझ लायसन्सची. डेमोला विक्रेत्याने एकाच सप्लायला वायर लावली होती. पुढचा डिस्प्ले नारिंगी. विचारलं तर म्हणाला, "दुसरी वायर नाही ना, साहेब, म्हणून तो ओरडतोय. आमच्याकडे पॉइंट कमी. तुम्ही दोन्ही लावा, निळा होईल." गंमत म्हणजे यात खोटं काहीच नाही. एका सप्लायला वीज मिळाली नाही तर हे मशीन नारिंगी दाखवतंच. खऱ्या कारणाच्या आड दुसरं कारण दडवलेलं होतं.

ऑफिसात मशीन चालू असताना दुसरी वायर खोचली. त्या सप्लायच्या हँडलवरचा दिवा हिरवा लुकलुकला आणि विझला. इथे स्थिर हिरवा म्हणजे ठीक. नारिंगी लुकलुकला तर सप्लायमध्ये बिघाड. आणि हिरवा लुकलुकून विझला तर हा सप्लाय शेजारच्याशी जुळत नाही. दोन्ही बाहेर ओढून लेबलं वाचली: एक 750 वॅटचा, दुसरा 495चा.

लॅनचा प्रकार तर आणखी बेमालूम. चारही पोर्ट दिसायला एकसारखे, लॅन केबलची साधी आरजे45 पिन बसणारे. आमचा नेटवर्क स्विच 1 जीचा. केबल लावल्या, चारही लिंक दिवे हिरवे. कुणालाही बरंच वाटेल! पण या मशीनवर लिंकचा हिरवा म्हणजे पोर्ट आपल्या कमाल वेगाने जोडलाय, नारिंगी म्हणजे त्याहून कमी. खरा 10 जीचा पोर्ट 1 जीच्या स्विचवर नारिंगी दिसायला हवा. चारही हिरवे, म्हणजे चारही 1 जीचेच.

पान्याचं चिन्ह असलेला आयड्रॅकचा पोर्ट मात्र जागेवर होता. लॉगिन केल्यावर लायसन्स निघालं एक्सप्रेस, म्हणजे व्हर्च्युअल कन्सोल, दुरून सर्व्हरचा स्क्रीन बघून तो चालवायची सोय, बंद.

विक्रेत्याला फोन केला. "वाहतुकीत हललं असेल." वाहतुकीत 750चा 495 कसा होतो, हे काही त्याने सांगितलं नाही. बिलावर बारीक अक्षरांत "टेस्टेड ओके, माल परत घेतला जाणार नाही". ग्राहक आयोगाचाही भरवसा नाही, कारण व्यावसायिक वापरासाठी घेतलेला माल 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सहसा बसत नाही. बरीच हुज्जत घातल्यावर जुळणारा सप्लाय तेवढा मिळाला. 10 जीचं नेटवर्क कार्ड आणि लायसन्स यांचे पैसे बुडाले ते बुडालेच.

पैसे देण्याआधी मागच्या बाजूचा सलग व्हिडिओ मागा. दोन्ही वायरी लावलेल्या, दोन्ही हँडल हिरवी. मग चालू मशीनची एक वायर काढून परत लावायला सांगा, नंतर दुसरी. मशीन बंद पडता कामा नये. सप्लायच्या लेबलांचे फोटो, आयड्रॅकमधलं लायसन्सचं पान आणि नेटवर्क कार्डाचं मॉडेल बिलावर लिहून घ्या. शेवटी मागचं आयडी बटण दाबायला लावा. मागे आणि पुढे दोन्हीकडे निळा लुकलुकला, तरच पुढची आणि मागची बाजू एकाच मशीनची. विक्रेते एकाचं तोंड आणि दुसऱ्याची पाठ दाखवतात, तेही पाहिलंय.